52 पुस्तकं, पण घड्याळ कुणाचं?

वर्षाला 52 पुस्तकं वाचायची, हा संकल्प शहरात साथीसारखा पसरलाय. डिसेंबर सरत आला की जो तो आकडा जाहीर करतो. कुणी 24, कुणी 52, कुणी सरळ 100. वर्षभर टिकमार्क करायच्या आणि शेवटी पुस्तकांच्या चळतीशेजारी उभं राहून फोटो टाकायचा. हे खूळ आलं कुठून? गुडरीड्स नावाची अमेरिकन कंपनी 2007 साली सुरू झाली. 2011 साली तिनं वाचनाचं वार्षिक चॅलेंज काढलं. 2013 साली ॲमेझॉननं ती कंपनीच विकत घेतली. म्हंजे पुस्तकं विकणाराच आता तुम्ही किती वाचली ते मोजतो. दुकानदार गिऱ्हाइकाच्या ताटातले घास मोजायला बसला तर तो काय मायेपोटी बसतो?

तरीही मी चॅलेंजच्या विरुद्ध नाही. आमच्या वस्तीतल्या 11 जणांनी गेल्या वर्षी ते घेतलं, त्यात मी होतो. दर रविवारी समाजमंदिरात बसतो, कुणी काय वाचलं ते बोलतो, भांडतो. यंदाही घ्यायचंय. पण परवाच्या बैठकीत एक ठराव आला आणि माझं टाळकं सणकलं. ज्यांचा आकडा 24 च्या खाली राहिला त्यांना यंदा गटात धरू नये. का? तर गटात ‘सीरियस वाचक’ हवेत. या ठरावाला माझा विरोध आहे. तो या पानावर नोंदवतोय, कारण असले गट आता वस्तीवस्तीत, हॉस्टेलाहॉस्टेलात निघालेत. आज आमच्याकडं आलेला ठराव उद्या तुमच्याकडं येईल.

आधी खाली राहिलेले पाच कोण ते बघू.

एक जण पाठीला चौकोनी पेटी लावून घरोघरी जेवण पोचवतो. बारा-बारा तास रस्त्यावर. फोन वाजला की वाक्य अर्धं टाकून किक मारायची. त्याची झाली 9. दुसरा एका टॉवरखाली वॉचमन. रात्रपाळीत वाचायचा. सुपरवायझरनं हातात पुस्तक बघितलं आणि दंड लावला. झोपलेला सापडला असता तरी तेवढाच दंड बसला असता. त्याची 7. तिसरी नर्सिंग शिकते. पहाटे पाणी भरायचं, दोन भावांना शाळेत धाडायचं, मग कॉलेज, मग वॉर्ड, घरी आल्यावर भाकऱ्या. तिची 11. चौथीचं मार्चात लग्न झालं. सासरी पुस्तक उघडलं की ‘मोकळीच दिसतेस’ म्हणून निवडायला भाजी पुढ्यात येते. तिची 5. पाचवा एमपीएससीला बसलाय. रोज आठ तास वाचतो, पण ती गाइडं, आम्ही ती पुस्तकात धरत नाही. गाइडं सोडून त्याची 14.

आता वर राहिलेले सहा. त्यात मी आहे. माझी झाली 41. मी काय मोठा विद्वान लागून गेलो नाही. मला टेबलाची नोकरी आहे. विरारला गाडी सुटते तिथंच चढतो म्हणून खिडकी मिळते, आणि रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास हातात राहतात. घरी आलो की ताट वाढून पुढ्यात येतं. आई वाढते. माझ्या 41 पुस्तकांत तिच्या भाकऱ्या आहेत. गटाच्या वहीत तिचं नाव कुठंय? बाकीच्या पाचांचंही थोड्याफार फरकानं असंच. सहाच्या सहा पुरुष. ठराव मांडणारा त्यातलाच. त्याला स्वतःची खोली आहे आणि खोलीला कडी आहे.

जरा बेरीज करा. 200 पानांची 52 पुस्तकं म्हंजे 10,400 पानं. दिवसाला 28-29 पानं. एका पानाला दोन मिनिटं धरली तर रोज जवळजवळ एक तास. 24 पुस्तकं धरली तरी 4,800 पानं, दिवसाला 13, म्हंजे 26 मिनिटं. ‘26 मिनिटं निघत नाहीत?’ असं बैठकीत विचारलं गेलं. निघत नाहीत, राजा! नुसती 26 मिनिटं असून भागत नाही. बसायला कोपरा लागतो, डोक्यावर दिवा लागतो, शेजारी टीव्ही बंद लागतो, आणि तेवढ्या वेळात आपल्याला कुणी हाक मारणार नाही याची खात्री लागते. ही खात्री या शहरात भाड्यानं मिळते आणि तिचं भाडं आपल्याला परवडत नाही. पुस्तकांचा आकडा आपण मोजतो तेव्हा मुख्यतः फुरसत मोजत असतो, आणि फुरसतीच्या हिशेबावर माणसाला सीरियस नि नॉनसीरियस ठरवत असतो. कुणी किती वाचावं हे वरच्यांनी ठरवायची रीत या देशात फार जुनी आहे. ती आपल्या वहीत कशी काय घुसली?

बैठकीत एकानं बाबासाहेबांचा दाखला फेकला. बाबासाहेब तास न् तास वाचायचे, त्यांना कुठं सोयी होत्या? दाखला बरोबर आहे, पण अर्धाच सांगितला. पुरा मी सांगतो. परळच्या चाळीत एकच खोली. सगळ्यांना एका वेळी आडवं व्हायला जागा नाही. परीक्षा जवळ आली की रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमाला उठवून स्वतः त्याच्या जागेवर पडत. पुस्तक घ्यायला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलीकडं जात आणि तिचा दागिना गहाण टाकत. घरात जागा नव्हती म्हणून पोरगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथं कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली. ते पुस्तकं देऊ लागले. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. पुढं बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली तीही याच केळुसकरांच्या खटपटीतून.

आता सांगा, त्या वाचनात किती माणसं आहेत? एका बापाची झोप, एका बहिणीचा दागिना, एका मास्तरची नजर. बाबासाहेबांची जिद्द होतीच, तिला तोड नाही. पण जिद्दीला पहाटे दोनची जागा कुणीतरी करून दिली होती. आपण बाबासाहेबांचे तास मोजतो आणि ते काठीसारखे मागं पडलेल्याच्या पाठीत घालतो. रामजी सुभेदार मात्र कुणालाच व्हायचं नाही. गट कशासाठी असतो मग? एकमेकांचे आकडे वाचून दाखवायला? ते काम तर ॲप फुकटात करतंय.

दुसरी गोष्ट, आकड्याची लबाडी. नोव्हेंबर उजाडला की गटात जाड पुस्तकं दिसेनाशी होतात. सगळे पातळ पुस्तिकांच्या मागं. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचायला कुणाला तीन महिने लागले, तर त्याचा आकडा 1. तेवढ्याच काळात दुसऱ्यानं 40-50 पानांच्या डझनभर पुस्तिका उरकल्या, त्याचा 12. आता पातळ पुस्तक हलकं असतं असंही नाही. ‘जातीचा उच्छेद’ कितीसा जाड आहे? 1936 साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेलं ते भाषण. आयोजकांना मजकूर झेपला नाही, परिषदच रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चानं छापलं. ती पुस्तिका आमच्यातल्या एकानं 29 डिसेंबरच्या रात्री आकडा भरायला वाचली. रविवारी विचारलं, काय आहे त्यात? म्हणाला, जातीच्या विरोधात आहे. अरे, तेवढं तर मुखपृष्ठावरच लिहिलंय! याउलट तो पेटीवाला. त्यानं नऊच वाचली, पण आंतरजातीय लग्न, सहभोजन नि धर्मशास्त्र यांच्यावर बाबासाहेब तिथं काय म्हणतात यावरून त्यानं आमची दोन तास सालपटं काढली. यातला सीरियस कोण?

आणि तिसरी गोष्ट, जी वहीत मावतच नाही. नर्सिंगवाल्या पोरीच्या 11 पुस्तकांतली 4 तिनं मोठ्यानं वाचली, आईला. आईला अक्षर येत नाही. भाकऱ्या थापता थापता आई ऐकायची, मधेच थांबवून विचारायची, पुढच्या दिवशी शेजारणीला सांगायची. वहीत या चार पुस्तकांची नोंद चारच. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 साली लिहून पुरा झाला. तो पुस्तक म्हणून छापून येण्याआधी जोतीरावांनी स्वतः मुंबई-पुण्यात, जुन्नर-ओतूरला, हडपसरला लोकांपुढं वाचून दाखवला. बडोद्याच्या महाराजांनाही ऐकवला. त्या काळात कुणबी-माळ्यांत अक्षर येणारे असे कितीसे होते? तरी पुस्तक त्यांच्यापर्यंत गेलं, कानातून गेलं. आपल्या आज्या-पणज्यांनी पुस्तक असंच घेतलंय. एकट्यानं, मुकाट्यानं, उशीला टेकून वाचायचं ही चैन आपल्यात अलीकडची. तिलाच वाचन म्हणायचं आणि बाकीच्याला शून्य, हा न्याय कुठला?

आता काही शहाणे म्हणतील, मग आकडा-बिकडा सोडा, मनाला येईल तेव्हा वाचा. हा सल्ला ज्यांच्या घरात आजोबापासून कपाटं भरलीत त्यांना शोभतो. त्यांनी वाचलं नाही तरी पुस्तक भिंतीतून त्यांच्याकडं बघत असतं. आमच्या भिंतीवर कॅलेंडर आणि खिळ्याला पिशवी. मनाला येईल तेव्हा म्हटलं की फोन हातात येतो आणि रात्रीचा एक वाजतो. कंपन्यांनी आपले तास खिशात घालायला हुशार माणसं पगारावर ठेवलीत. त्यांच्याशी एकट्यानं लढता येत नाही, चारचौघांत घेतलेली शपथ लागते. म्हणून चॅलेंज हवंच. दुसरे शहाणे म्हणतात, रस्त्यावर उतरायचं सोडून पुस्तकं कसली वाचता? त्यांना एवढंच सांगतो: 1987 साली ‘रिडल्स’च्या परिशिष्टावरून वाद पेटला तेव्हा माणसं रस्त्यावर उतरली ती एका पुस्तकासाठीच. ते काढून टाका म्हणणाऱ्यांना पुस्तकाची ताकद कळली होती. आपल्यालाच अजून कळायचीय.

तेव्हा चॅलेंज घ्यायचं, पण नियम आपले. माझे पाच आहेत.

एक. ज्याचा आकडा कमी त्याला काढायचं नाही, त्याचा तास शोधायचा. पेटीवाल्याला रविवार संध्याकाळ म्हंजे ऐन धंद्याची वेळ. बैठक सोमवारी दुपारी घ्या, आपण रजा टाकू. नर्सिंगवालीचे दोन भाऊ हांडा उचलण्याएवढे झालेत. त्यांच्या घरी जाऊन ते बोलायला गटातल्या दोघांनी जावं. आणि लग्न झालेलीच्या सासरी गटातल्या बायकांनी हळदीकुंकवाला जातात तसं पुस्तक घेऊन जावं.

दोन. मोठ्यानं वाचलेलं पुस्तक जितक्या कानांनी ऐकलं तितकं धरायचं. मग आमच्या गटाची सगळ्यात मोठी वाचक कोण निघते बघू.

तीन. वर्षात एक जाड पुस्तक सगळ्यांनी मिळून. महाराष्ट्र सरकारनं 1979 पासून काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांपैकी एक घ्या. बारा महिने पुरेल. मोजताना त्याचा आकडा सगळ्यात वर लिहा.

चार. पुस्तक एक, हात अकरा. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कात स्टॉल लागतात तिथं सगळ्यांनी तेच पुस्तक घ्यायचं नाही. वेगवेगळी घ्यायची आणि फिरवायची. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून उभं आहे, वॉर्डावॉर्डात वाचनालयं आहेत. तिथं नाव घाला. चॅलेंजमुळं ॲमेझॉनची ऑर्डर वाढत असेल तर ते चॅलेंज त्यांचं, आपलं नव्हे.

पाच. हिशेब ॲपवर नाही, समाजमंदिरातल्या वहीत. आणि पुस्तकाच्या नावापुढं एक रकाना आणखी आखायचा: हे वाचताना घरातलं काम कुणी केलं? ही नावं भरायला लागा, मग 41 वाला किती मोठा वाचक ते कळेल. माझ्यापासून सुरुवात करा.

येत्या रविवारी ठराव मताला येतोय. मतं सहा विरुद्ध पाच पडतील असा मांडणाऱ्याचा हिशेब आहे. पण त्या सहातला एक मी आहे. आणि पेटीवाल्याला मी सांगून ठेवलंय, त्या दिवशी संध्याकाळी फोन बंद ठेव, तुझ्या तेवढ्या वेळाच्या मजुरीची वर्गणी आम्ही काढतो. तू येऊन हात वर कर.