येऊरचें खाचर आणि ठाण्याचा ताम्रपट

वर्तकनगराहून उपवन तलावाच्या बाजूनें येऊरच्या टेकडीवर रस्ता चढतो. वर आदिवासी पाड्यांलगत भाताचीं खाचरें अद्याप दृष्टीस पडतात. कित्येक वाचक म्हणतील, ठाण्यांत पाहावयाचा तो किल्ला, नाहीं तर कौपीनेश्वर. चिखलांत काय पाहावयाचें?

त्यांस आम्ही किल्ल्याचीच साक्ष देतों. पोर्तुगीजांनीं आरंभिलेला हा किल्ला १७३७ सालीं मराठ्यांनीं घेतला, पुढें इंग्रजांनीं. आज तेथें कारागृह आहे. तेथेंच १७८७ सालीं पाया खणतांना शिलाहार नृपति अरिकेसरी याचा शके ९३९ चा (इ. स. १०१७) ताम्रपट निघाला. त्यांत राजानें ब्राह्मणास दान दिलें तें गांवांचें. म्हणजे पिकत्या भूमीचें. शके ९८२ चा शिलालेख असलेलें अंबरनाथचें शिवालयही त्याच वंशाचें. कोंकणच्या भातावांचून तेथील एक शिळा तरी दुसरीवर चढली असती काय?

देवालयास सरकारी संरक्षण आहे. ताम्रपट छापला जाऊन विद्वानांच्या हातीं पोहोंचला. खाचरास मात्र कोणी स्मारक म्हणत नाहीं. एकदां तें भरावानें बुजलें, कीं बांध, पाण्याची वाट आणि लावणीचें ज्ञान हीं तिन्ही एकदमच नष्ट होतात.

मुलांस अंबरनाथ दाखवावयाचें असेल, तर आधीं आषाढांत येऊरची लावणी दाखवावी. बांध तुडवूं नये. कसणाऱ्याची परवानगी घ्यावी, आणि भाताच्या जातींचीं नांवें त्याच्याच तोंडून ऐकावीं.