घाट आणि बिनक्लचची गाडी

आम्ही खानदेशी माणसे तशी सपाटीची. तापीकाठची काळी जमीन, कपाशी, केळी आणि नाकासमोरचा रस्ता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी क्लच दाबणे बंद केले, तेव्हा मी धुळ्यात बिनक्लचची लहान मोटार घेतली. इंजिन हजार सी.सी.चे, ताकद सदुसष्ट घोड्यांची. शेजाऱ्यांनी लगेच निकाल दिला, “काका, गावात ठीक आहे. घाटात हिचे काम नाही!”

आता माझी लेक राहते कन्नडला. चाळीसगाव सोडले की घाट आडवा. घाट बंद म्हणजे माहेर-सासर दोन्ही बंद की हो!

तेव्हा मी नेट धरला. चढाचे भय फुकटचे आहे. वातानुकूलन बंद करावे, दांडा ‘एम’कडे ओढून दुसऱ्या गियरात ठेवावा, आणि मागच्या ट्रकवाल्याला खुशाल भोंगा वाजवू द्यावा. एक पथ्य मात्र पाळावे. या गाडीत क्लच असतोच, तो आपल्याऐवजी यंत्र दाबते. चढावर थांबताना नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, की तो तापतो. ब्रेक दाबावा, निघताना हँडब्रेकचा आधार घ्यावा.

खरी परीक्षा उताराची. ‘डी’मध्ये सोडली, तर ही भाबडी वरचा गियर घेते, इंजिनाची पकड सैल होते आणि सारा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक फार तापले, की पाय दाबूनही गाडी ऐकत नाही. म्हणून उतार लागण्याआधीच दुसरा गियर! ज्या गियरात चढायचे त्याच गियरात उतरायचे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम नव्या गाडीलाही लागू आहे.

यंदा शहाद्यावरून तोरणमाळही केले. उंची साडेअकराशे मीटरांच्या आसपास. तिथे हवा विरळ, म्हणून समुद्रकाठच्या मानाने इंजिनाची ताकद सुमारे दशांशाने घटते. म्हणजे आमचे सहा-सात घोडे वाटेतच गळाले. उरलेल्यांनी आम्हाला यशवंत तलावापर्यंत बिनतक्रार नेले.

तलावाकाठी मी सौभाग्यवतींना सांगत होतो, की लडाखच्या पाच हजार मीटरांवरच्या खिंडींत ही ताकद जवळजवळ निम्म्यावर येते.

“अहो, सदुसष्टाचे निम्मे किती?”

“साडेतेहेतीस.”

“मग सामान कमी घेऊ,” ती म्हणाली.