बापाचं ज्ञान वर्गात यावं, बापाचा धंदा नव्हे

संशोधनाच्या कामासाठी चेन्नईजवळच्या कोवलमला, मच्छीमारांच्या वस्तीत गेले होते. सातवीतल्या एका मुलाने मला वाऱ्यांची नावं शिकवली. उत्तरेचा वाडै, पूर्वेचा कोंडल. कोणत्या वाऱ्यात वडील होडी काढत नाहीत, तेही सांगितलं. ‘हे शाळेत सांगतोस का?’ मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं. तो हसला. ‘हे परीक्षेत कुठे येतं?’

मला माझी शाळा आठवली. वडील गटई काम करायचे. गिऱ्हाइकाचं पाऊल कागदावर आखून, चामडं कमीत कमी वाया जाईल असं कापायचे. वर्गात क्षेत्रफळ आलं तेव्हा मला ते अर्धं येत होतं. बाईंना कधी कळलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. पुढे ‘उपक्रम’ आले. थर्माकोल आणा, रंगीत प्रिंट आणा. ज्याच्या घरी पैसा, त्याचा प्रकल्प भिंतीवर.

चेन्नई महापालिकेच्या शाळांत २००३ पासून कृतीवर आधारित शिक्षण सुरू झालं. मुलं चटईवर गोल बसली, शिक्षकही खाली बसले, फळे मुलांच्या उंचीवर आले. जातीच्या समाजात शिक्षकाने आपल्या मुलांशेजारी खाली बसणं ही मोठी गोष्ट आहे.

पण सावध राहायला हवं. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी शाळेचे तास कमी केले. उरलेल्या वेळात मुलांनी आईबापाचा धंदा शिकावा, अशी ती योजना होती. पेरियारांनी तिला कडाडून विरोध केला. लोक तिला ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाच्या धंद्याचं शिक्षण म्हणू लागले. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती रद्द झाली.

फरक इथेच आहे. वाडै वर्गात आला, तर त्यातून हवेचा दाब आणि मोसमी पाऊस सगळ्यांनी शिकावा, वकिलाच्या मुलीनेही. आणि मच्छीमाराच्या मुलाला समुद्रशास्त्रज्ञ व्हायची वाट मोकळी व्हावी. त्याला परत होडीत बसवण्यासाठी त्याचं ज्ञान वापरू नये.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे नांगर धरायला न लाजणारे शिक्षक मागितले होते. ते शिक्षक आता आपल्यातून तयार होत आहेत. म्हणून वर्गात उभं राहाल तेव्हा एवढं करा : उपक्रमाचं साहित्य शाळेतूनच द्या, गट दर आठवड्याला बदला, झाडू आणि पाण्याची पाळी सगळ्यांना लावा. कुणाची जात उघडी न पाडता विचारा, ‘तुला काय येतं?’

मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तुम्ही विचारा.

जय भीम.