बोटीला परवाना नको, आम्हाला मात्र हवा

आयर्लंडमध्ये गाडी भाड्याने घ्यायची तर लायसन्स दाखवावं लागतं. पण शॅनन नदीवर झोपायच्या खोलीसकट, स्वयंपाकघरासकट अख्खी मोटरबोट भाड्याने मिळते, तिला कसलाही परवाना लागत नाही. कॅरिक-ऑन-शॅननच्या धक्क्यावर एका माणसाने आम्हा दोघांना इंजिन, गॅस, दोर समजावून सांगितले, लाइफ जॅकेट आणि नकाशा हातात दिला आणि टाटा केला. "एवढंच?" बायकोने विचारलं. एवढंच!

पहिला दिवस भांडणात गेला. बोटीला ब्रेक नसतो, हे धक्क्यावर एकदा आपटल्याशिवाय कळत नाही. मी सुकाणूवर, ती दोर घेऊन पुढे. मी "टाक" म्हणेपर्यंत खुंटा मागे गेलेला. बायको मालवणची. "बाबा असते तर तुला बोटीत बसूच दिलं नसतं," हे दिवसभरात तीनदा ऐकलं. रात्री लिट्रिम गावात बोट बांधून मुगाची खिचडी खाल्ली, तेव्हा कुठे तह झाला.

दुसऱ्या दिवशी शॅनन-अर्न कालव्यात शिरलो. 63 किलोमीटर, 16 लॉक. पहिली आठ चढणीची, नंतरची उताराची. काठावरच्या खांबात कार्ड घालून बटण दाबायचं, की दरवाजे आपोआप उघडतात. दोर मात्र बांधून ठेवायचा नाही, खुंट्याला वेढा देऊन हातातच धरायचा. नाहीतर पाणी उतरतं आणि बोट दोराला लटकते. चौथ्या लॉकपर्यंत आमचं न बोलता जमायला लागलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण एवढं एकमेकांकडे बघून काम केल्याचं आठवत नाही.

हा कालवा 1860 मध्ये सुरू झाला आणि दहा वर्षांच्या आतच ओस पडला. 1994 मध्ये तो पुन्हा खुला केला, तो दोन्ही आयर्लंड जोडायला म्हणून. 1998 च्या शांतता करारानंतर तर सीमेच्या दोन्हीकडचे जलमार्ग 'वॉटरवेज आयर्लंड' या एकाच संस्थेकडे आले. तेच कार्ड, तेच पाणी. बॅलीकॉनलच्या पुढे काही अंतर नदी हीच सीमा आहे. ना पाटी, ना पोलीस. बोटी बिनधास्त अर्नच्या सरोवरात जातात.

आम्ही तिसऱ्या दिवशी बॅलीकॉनललाच बोट वळवली. आमच्याकडे भारतीय पासपोर्ट आणि इथलं निवासी कार्ड आहे, पण उत्तर आयर्लंड म्हणजे ब्रिटन, तिथे वेगळा व्हिसा हवा. "कोण विचारतंय?" असं इथले मित्र म्हणतात. कुणी विचारत नाही हे खरं, पण उद्या एखाद्या अर्जावर विचारलं तर खोटं लिहायचं का? ज्याचं इथलं राहणं कागदावर अवलंबून आहे, त्याने तरी हा जुगार खेळू नये असं माझं मत आहे.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. 2015 पासून भारतातून येणाऱ्या पर्यटकांना दोन्ही देशांत चालणारा एकच व्हिसा मिळू शकतो. म्हणजे पंधरा दिवसांसाठी आलेला पाहुणा पलीकडे जाऊ शकतो आणि इथे वर्षानुवर्षं कर भरणारा जाऊ शकत नाही! दोन सरकारांना पाहुण्यांसाठी जे जमलं, ते इथे राहणाऱ्यांच्या चार दिवसांच्या फेरीसाठी का जमू नये? आपल्या मंडळांनी दिवाळीच्या कार्यक्रमाला बोलावलेल्या पुढाऱ्यांना हार घालण्याबरोबर हेही विचारावं.

आणि ज्यांचे आईवडील येणार आहेत त्यांनी त्यांच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' ही अक्षरं आहेत का, ते तेवढं पाहून घ्यावं. जूनमध्ये सासू-सासरे येत आहेत. त्यांच्या व्हिसावर ती आहेत. बॅलीकॉनलपर्यंत आम्ही चौघं जाऊ. पुढे सुकाणू सासऱ्यांकडे देऊन आम्ही दोघं काठावर उतरू, असं बायकोने आत्ताच ठरवून टाकलंय.