मोठी गाडी: आत्ता घ्यावी की थांबावं?



22 सप्टेंबर 2025 पासून पेट्रोल-डिझेलच्या मोठ्या गाड्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. आधी उपकर धरून तो 50 टक्क्यांपर्यंत जायचा. त्यामुळे ‘आत्ताच आलिशान गाडी घेऊन टाकू’ असं घरोघरी चाललंय.

माझं मत: जरा थांबा. परिग्रहपरिमाण हे श्रावकाचं पाचवं अणुव्रत. आधी घरच्यांनी एकत्र बसून मर्यादा ठरवावी. गाड्या किती, रक्कम किती, कर्ज किती. गाडी दारात आल्यावर आखलेली मर्यादा म्हणजे नुसती मोजदाद.

मर्यादेत बसत असेल तर खुशाल घ्या. फक्त सीट खऱ्या चामड्याच्या नाहीत ना, हे विचारून घ्या. बसत नसेल, तर कर कितीही उतरला तरी ती आपल्याला महागच.