एवढाही विश्वास नाही का?

'डिजिटल अरेस्ट' हा शब्द आता घरातल्या आजी-आजोबांनाही ठाऊक झाला आहे. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला कोणी तरी दिसतो, अटकेची भीती घालतो, 'कोणाशी बोलू नका' असे बजावतो आणि आयुष्यभराची पुंजी घेऊन जातो. अशी अटक कायद्यात नाहीच, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांना 'मन की बात'मधून सांगावे लागले. थांबा, विचार करा, मग कृती करा, असा त्यांचा सल्ला होता. सल्ला योग्यच आहे. पण तो परक्या माणसापुरता. समोर आपलाच भाऊ, मुलगा किंवा नवरा कागद घेऊन उभा असेल, तर थांबायचे कसे?

बँकेतल्या नोकरीत मुदत ठेव मोडायला आलेली म्हातारी माणसे मी पुष्कळ पाहिली. सोबत मुलगा, पुतण्या किंवा जावई असे. कागदपत्रे चोख असत. मी सहज विचारी, "आजी, पैसे कशाला हवेत?" काही आजी लगेच सांगत, नातीचे लग्न आहे, मोतीबिंदू काढायचा आहे. काही मात्र आधी मुलाच्या तोंडाकडे पाहत आणि मग बोलत. त्या नजरेचा अर्थ कळायला मला काही वर्षे लागली. पुढे मी मुलाला झेरॉक्स आणायला पाठवू लागलो आणि तो परतेपर्यंत तोच प्रश्न पुन्हा विचारू लागलो. उत्तर बदलले, तर "आज जमणार नाही, परवा या" म्हणून सांगायचे. काही जणी पुन्हा आल्याच नाहीत. तेच त्यांचे खरे उत्तर होते.

जामीनदारांची कथाही वेगळी नाही. "नुसती सही तर करायची आहे," असे म्हणून मेहुण्याला किंवा मित्राला बँकेत आणले जाई. भारतीय करार कायद्याच्या १२८व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे ठरले नसेल तर, कर्जदाराइतकीच असते. हे त्याला घरी कोणी सांगितलेले नसे. खोटे कोणी बोललेले नसे. अर्धे तेवढे सांगितलेले असे.

घरातली फसवणूक बहुधा अशीच असते. चेहऱ्यावरून ती ओळखता येत नाही, कारण चेहरा आपल्या प्रेमाचाच असतो. तिच्या खुणा तीन. पहिली घाई : आजच सही हवी. दुसरी गुपित : इतक्यात कोणाला बोलू नकोस. आणि तिसरी, सर्वांत प्रभावी, रुसवा : "एवढाही विश्वास नाही का माझ्यावर?" हे वाक्य आले, की प्रश्न विचारणाराच गुन्हेगार ठरतो.

हे मी इतक्या खात्रीने लिहितो, कारण हे वाक्य मी स्वतः वापरले आहे.

१९९८ साली वडील गेले. आई आधीच गेली होती. गावाकडचे घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले, मृत्युपत्र नव्हते. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्या घरात धाकट्या बहिणीचा वाटा माझ्याइतकाच होता, हे बँकेत असल्यामुळे मला चांगलेच माहीत होते. भाऊबीजेला ती आली, तेव्हा हक्कसोडपत्राचा मसुदा मी तयार ठेवला होता. "कर्ज काढायला सोपे जाईल, कागदोपत्री आहे सगळे," मी म्हणालो. तिने एकदा विचारले, "ह्यांना दाखवू का?" मी तेच वाक्य उच्चारले. दोन दिवसांनी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिने मुकाट सही केली.

कायद्याला हे सारे ठाऊक आहे. १८७२च्या करार कायद्यात 'अनुचित प्रभाव' असे कलमच आहे : नात्यामुळे किंवा विश्वासामुळे ज्याचे दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व चालते, त्याने त्याचा गैरफायदा घेतला तर करार रद्द होऊ शकतो. आईवडिलांनी सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास परत मिळवण्याची सोय २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला करून दिलेले बक्षीसपत्र याच कायद्याखाली रद्द केले. पण त्यासाठी आईला मुलाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. किती आया जातील?

२०१९ मध्ये ते घर विकले, तेव्हा निम्मी रक्कम घेऊन मी बहिणीकडे गेलो. 'तुला तेव्हा कळले नसेल,' अशी सुरुवात मी केली. ती म्हणाली, "दादा, मला तेव्हाच कळलं होतं. पण विचारलं असतं तर माहेर तुटलं असतं."

एकवीस वर्षे माझी समजूत होती, की मी तिला फसवले. ती फसली नव्हतीच. तिने माहेराची किंमत मोजली होती, आणि ती किंमत मी ठरवली होती.

म्हणून 'फसवणूक कशी ओळखावी' एवढे शिकवून भागणार नाही. पुष्कळांना ती ओळखता येते. विचारणे परवडत नाही. ते परवडेल असे करणे कागद पुढे करणाऱ्याच्या हातात आहे. आमच्या घरी आता एक रिवाज आहे. कुठल्याही सहीपूर्वी कागद एक रात्र घरात राहतो आणि घराबाहेरच्या एका जाणत्या माणसाला दाखवला जातो. ओटीपी कोणी मागितला, तर कशाचा ते आधी सांगायचे. मुलगा मागत असला तरी.

गेल्या महिन्यात बँकेच्या एका कागदावर मला पत्नीची सही हवी होती. ती म्हणाली, "उद्या करते, आधी वाचते." क्षणभर ते जुने वाक्य ओठांवर आले. मी चष्मा शोधून तिच्या हातात दिला.