सिनेमातल्या गणवेशाची सत्यप्रत

जुन्या रंगीत सिनेमातली लढाऊ विमानं आणि फौजी गणवेश बघताना आपण नट बघतो, गाणी ऐकतो. कापडाचा रंग कोण बघतो? माझं म्हणणं असं, की तोही बघायला हवा. काही वर्षांनी पुष्कळ गोष्टींचा रंगीत पुरावा तेवढाच उरणार आहे.

'विजेता' हा १९८२ चा चित्रपट घ्या. निर्माता शशी कपूर, दिग्दर्शक गोविंद निहलानी. त्यात दिसणारी मिग-२१ खरी, वायुदलाची. हेच मिग-२१ १९६३ साली आपल्या वायुदलात आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला शेवटचा निरोप दिला गेला. म्हणजे आज जन्मणाऱ्या मुलाला आपल्या वायुदलाचं उडतं मिग-२१ बघायचं तर पडद्यावरच.

परदेशी सिनेमांतही सगळं खरं असतं असं नाही बरं का! 'बॅटल ऑफ ब्रिटन' (१९६९) मधली जर्मन मेसरश्मिट विमानं स्पेनमध्ये बांधलेली होती आणि त्यांत इंजिन होतं रोल्स-रॉइसचं मर्लिन, म्हणजे शत्रूच्या स्पिटफायरचंच! 'तोरा! तोरा! तोरा!' (१९७०) मधली जपानी झीरो विमानं म्हणजे वेषांतर केलेली अमेरिकन प्रशिक्षण विमानं. त्या मानाने आपला 'विजेता' कितीतरी प्रामाणिक.

आता रंगाचं बघू. धारवाडला सुभाष रोडच्या एका बोळात माझे मामा राहतात. वायुदलात तंत्रज्ञ होते. त्याच रस्त्यावर 'मनोहर ग्रंथमाला' आहे, म्हणून धारवाडला गेलो की माझी एक फेरी पुस्तकांसाठी आणि एक मामांसाठी ठरलेली. एकदा त्यांच्याकडे टीव्हीवर 'आराधना' (१९६९) लागला होता. राजेश खन्ना वायुदलाच्या गणवेशात आला आणि मामा म्हणाले, "हा निळा आमचा नव्हे रे. ह्यात तांबूस मिसळलाय कुणीतरी." मी म्हटलं, "मामा, सिनेमा आहे, चालायचंच." ते उठले, ट्रंकेतला आपला जुना कोट काढला आणि बाही टीव्हीजवळ धरली. फरक माझ्यासारख्या कारकुनालाही कळला.

हा तांबूस कुणी मिसळत नाही. तो काळ मिसळतो. त्या काळातल्या ईस्टमन कलरच्या फिल्मवर तीन रंगांचे थर असतात : निळसर-हिरवा, किरमिजी आणि पिवळा. अंधाऱ्या डब्यात ठेवली तरी त्यातला निळसर-हिरवा सर्वांत आधी उडतो. मागे उरते लाली. म्हणजे गंमत बघा (खरं तर गंमत नाहीच), वायुदलाचा निळसर-करडा गणवेश आणि आकाश, दोन्हींवर पहिला घाव! अशी प्रिंट समोर ठेवून चित्रपटाची डिजिटल प्रत बनवली, तर संगणकावर बसलेल्या माणसाला निळा अंदाजानेच ठरवावा लागतो.

आणि मुळात रंगच नसेल तर? देव आनंदचा 'हम दोनो' (१९६१) कृष्णधवल होता. २०११ साली तो रंग भरून पुन्हा प्रदर्शित झाला. त्यातल्या फौजी कपड्यांचा रंग कॅमेऱ्याने पाहिलेला नाही, पन्नास वर्षांनी कुणीतरी निवडलेला आहे. कदाचित बरोबरही असेल. पण साक्ष वेगळी आणि अंदाज वेगळा.

कुणी म्हणेल, खरी विमानं संग्रहालयात आहेत ना! आहेत. आमच्या बोगमाळोच्या नौदल वायुसेना संग्रहालयात सी हॉक, अलिझे, सुपर कॉन्स्टेलेशन उभी आहेत. पण समुद्राचा खारा वारा आणि गोव्याचा पाऊस खात उघड्यावर उभ्या विमानाला पुन्हा पुन्हा रंग द्यावाच लागतो. मूळ रंग त्या पत्र्यावर किती उरणार? १८ डिसेंबर १९६१ ला कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना त्या विमानांचा रंग कुणी विचारला?

सिनेमाचा रंगही शंभर टक्के खरा नसतो, हे मान्य. दिवे, मेकअप, लॅब, सगळे हात मारतात. म्हणूनच पडताळणी हवी. आमच्या कचेरीत साध्या रेशनकार्डाच्या झेरॉक्सवरही 'सत्यप्रत' असा शिक्का आणि सही लागते. मग पुढच्या पिढ्या ज्यावरून इतिहास बघणार, त्या प्रतीला नको?

मागणी फार मोठी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९६४ पासून चित्रपट जपण्याचं काम चालू आहे. फौजी विषयाच्या चित्रपटाची नवी प्रत करताना त्या काळातला एखादा निवृत्त सैनिक आणि त्याचा खरा कोट शेजारी बसवावा. जिथे रंग मागाहून भरला, तिथे सुरुवातीलाच तसं ठळक लिहावं. खर्च काय, तर एक चहा आणि एसटीचं भाडं.

आणि तुमच्या घरात काका-मामांचा असा गणवेश असेल तर बोहारणीला देऊ नका. दिवसाच्या उजेडात त्याचा एक फोटो काढा, मागे साल लिहा. कोट झिजेल, फोटोही फिका होईल, पण दोन साक्षीदार एकापेक्षा बरे.